मशीन ऐकणाऱ्या बाई

बाई पहिल्यांदा आमच्या लॅबमध्ये येऊन बाकावर बसल्या, तेव्हा मी त्यांना पेशंट समजलो. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. चक्कर येत असेल म्हणून मी सुई-बाटली घेऊन जवळ गेलो आणि म्हणालो, "काकू, हात पुढं करा." डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "माझं रक्त चांगलंय. त्या कोपऱ्यातल्या मशीनचं बघ. मगापास्नं कण्हायलंय ते."

कोपऱ्यात आमचा कॉम्प्युटर होता. तो कण्हतो हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. माझा स्वभाव मुळात चिडका, त्यात बाहेर पेशंट ताटकळलेले. मी विचारलं, "तुम्ही कोण पण?" त्यावर बाई उठल्या, पर्समधून रंगारी वापरतात तसला ब्रश काढला आणि टेबलाखाली शिरल्या. तिथून एवढी धूळ बाहेर आली की एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली आणि त्याचं रक्त काढायचं राहून गेलं. मी जाम भडकलो. पुढं ह्याच बाईंच्या मिटलेल्या डोळ्यांवर दिवस भरलेल्या एका पोरीचा जीव अडकणार होता, हे त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाही हाकलून दिलं असतं.

उमरग्यात हायवेला लागून आमची छोटी लॅब होती. वर डॉक्टरांचा दवाखाना, खाली आम्ही. आतल्या खोलीत मी रक्त तपासायचो, पुढच्या टेबलावर सुमन नावाची मुलगी रिपोर्ट टाईप करायची आणि काचेच्या केबिनमध्ये लॅबचे मालक बसायचे. त्यांना आम्ही सर म्हणायचो. बाई आमच्यापैकी कुणाच्या काही लागत नव्हत्या. त्यांना बोलावलंही नव्हतं. बोलावण्याची वाट बघणं हा प्रकारच त्यांच्याकडं नव्हता.

गावात पूर्वी त्यांची टायपिंगची शिकवणी होती. तालुक्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. हातांवर रुमाल टाकून टाईप करायला लावायच्या आणि पोरानं मान जरा वळवली की पट्टी बसायची. "नजर कागदावर. बोटांना त्यांचं काम कळतंय, तुम्ही बघून त्यांना लाजवू नका." टाईपरायटर भंगारात गेले, शिकवणी बंद झाली, तेव्हा बाईंनी कॉम्प्युटर शिकून घेतला आणि दुकानं, दवाखाने, ट्रान्सपोर्टची ऑफिसं असली छोटी गिऱ्हाइकं धरली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गावात आणखीही होते. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. "मी बिघडल्यावर येणारी न्हाय. बिघडायच्या आधी येणारी." आता हे ऐकून कोण खूश होणार? घर जळाल्यावर पाण्याचा बंब बोलवायचा असतो, आधीच कुणी दारात बंब आणून उभा केला तर माणूस त्यालाच शिव्या देईल.

त्यांना बारा गावचं पाणी प्यायल्याचा अनुभव होता, पण धीर पैशाचाही नव्हता. चहा उभ्यानं प्यायच्या, तोही बशीत ओतून, गरम. रस्त्यात कुणी "काय बाई, बरं हाय का?" विचारलं तर उत्तर स्कूटरच्या आवाजात पुढं निघून जायचं. बँकेत पासबुक घेऊन उभ्या राहिल्या तर आतल्या कारकुनाला बाहेरूनच सांगायच्या, "अरे, कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघड्या ठेवल्यास की मागं, बंद कर एक." आणि तो करायचासुद्धा, कारण पट्टीचा मार कुणी विसरत नाही.

गिऱ्हाइकाकडं गेल्या की त्या आधी मशीनला हात लावायच्या नाहीत. डोळे मिटून बसायच्या आणि ऐकायच्या. कीबोर्डची खटखट कुठं थांबते, माऊस एकाच जागी किती वेळा दाबला जातो, प्रिंटर घसा खाकरून गप्प का बसतो. शिकवणीत वीस पोरांची खडखड एकदम ऐकून "तिसऱ्या रांगेतला, करंगळी वापर" असं ओरडणारा तो कान होता. मग डोळे उघडून त्या कारकुनाला विचारायच्या, "दिवसातनं किती वाट बघतोस?" तो म्हणायचा, "कशाची? चालतंय की व्यवस्थित." बाईंचं ठरलेलं उत्तर असायचं, "बिघडलेलं दिसतं रे. अडलेलं दिसत न्हाय."

ट्रान्सपोर्ट ऑफिसातले रफिकभाई ह्याचा नमुना होते. ट्रकची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, करताना कॉम्प्युटरवर वाट बघायला लावणारा तो गोल फिरायला लागला की ते डब्बी काढून तंबाखू मळायचे. बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारून जीव खायचे. बाईंनी अर्धी दुपार डोळे मिटून ऐकलं आणि थेट रफिकभाईंच्या घरी जाऊन भाभींना सांगितलं, "तुमच्या मालकांची तंबाखू सुटत न्हाय ती कॉम्प्युटरमुळं. त्याला मोठी मेमरी बसवू द्या." भाभींनी नवऱ्याला जेवायला वाढायच्या आधी कबूल करून घेतलं. मेमरी बसली, गोल फिरायचा थांबला आणि आठवड्यानं रफिकभाई रडवेला चेहरा करून आमच्या वरच्या दवाखान्यात दात दाखवायला आले. मला म्हणाले, "क्या बोलू भाई, बाई आने से काम तो जल्दी होरा, मगर तंबाखू का टैमच नै मिलरा."

दसरा जवळ आला की बाई चवताळायच्या. आमच्याकडं खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, आणि दुकानदाराचं शस्त्र म्हणजे कॉम्प्युटर. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, वर नारळ फोडून शिंतोडे. सगळं त्या बिचाऱ्याच्या जाळीतून आत. बाई आदल्या दिवशी गावभर फिरून प्रत्येक मशीनला प्लॅस्टिकची पिशवी घालून यायच्या. एका खताच्या दुकानदारानं देवाचं काम अडवता म्हणून वाद घातला, तेव्हा भर पेठेत म्हणाल्या, "पूजा करा की. तुमच्या म्हशीची बी करता, पण तिच्या नाकात कुंकू कोंबता का?" पेठ हसली, दुकानदारानं त्यांचं येणं बंद केलं. असं बंद करणारे पुष्कळ. बाई येत राहिल्या की महिनोन्महिने काही बिघडायचं नाही, आणि काही बिघडत नाही म्हणून मालकाला वाटायचं, मग ह्यांना कशाला पोसायचं?

आमच्या सरांचा तर त्यांच्याशी उभा दावा होता. बाई दर पंधरवड्याला यायच्या, बाकावर बसायच्या, ऐकायच्या आणि केबिनमध्ये जाऊन सांगायच्या, "सर, तुमचा प्रोग्राम अडायलाय. जुनी डिस्क काढा, मी बदलून देते." सर म्हणायचे, "बाई, आमचं काही अडत न्हाय. सुमन बघा कशी भराभर काढतीया रिपोर्ट." आणि सुमन खरंच भराभर काढायची. बाईंच्या शिकवणीतली शेवटच्या वर्षाची सगळ्यात हुशार पोरगी ती. पण ती भराभर कशी काढते हे सरांनी कधी विचारलं नाही. नवा रिपोर्ट उघडायला कॉम्प्युटर एवढा वेळ घ्यायचा की वाट बघणाऱ्या पेशंटच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. म्हणून सुमननं एक शक्कल काढली होती. आधीच्या पेशंटचा रिपोर्ट बंदच करायचा नाही. त्याच्यावरच नवं नाव, नवं वय, नवे आकडे टाकायचे आणि छापायचं. आम्ही त्याला 'जुन्यावर नवं' म्हणायचो. आजूबाजूच्या कितीतरी ठिकाणी असंच चालायचं, त्यामुळं त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलंच नाही.

हल्ली मी सोलापुरात एका मोठ्या दवाखान्यात आहे. इथं कॉम्प्युटर अडला की एका नंबरवर तक्रार लिहायची असते. मग दोन पोरं येतात, गळ्यात पट्ट्या, आणि विचारतात, "बंद पडलाय का?" नाही म्हटलं की तोंड वाकडं करून निघून जातात. अशा वेळी मला बाईंची आठवण येते आणि त्या दुपारची येते.

त्या दुपारी बाई आणि सर केबिनच्या दारात कडाकडा भांडत होते. वरच्या डॉक्टरांचा दवाखाना जेवणासाठी बंद व्हायच्या बेतात होता. बाकावर एक पोरगी बसली होती, दिवस भरत आलेले. पहिलटकरीण, माहेरी अणदूरला चालली होती, न्यायला भाऊ आला होता. जायच्या आधी रक्त तपासून जा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिचं रक्त मीच तपासलं. हिमोग्लोबिन अकराच्या वर हवं, ते सहाच्याही खाली. मी पुन्हा तपासलं, तेच आलं. चिठ्ठीवर आकड्याभोवती लाल गोल करून मी सुमनकडं दिली, कारण रिपोर्ट घेऊन ही पोरगी वर डॉक्टरांकडं जाणारच होती.

पण रिपोर्टला उशीर झाला. कॉम्प्युटर अडला होता. भाऊ सारखा घड्याळ बघत होता, अणदूरवरून जाणारी सोलापूर गाडी स्टँडवर लागली होती. शेवटी रिपोर्ट निघाला, सुमननं तो सरांपुढं धरला, सरांनी बाईंना "आमचं काही अडत न्हाय" असं सुनावता सुनावताच त्याच्यावर सही केली. भावानं तिथंच उभ्यानं वाचला. कॉलेज केलेला पोरगा, शेजारी छापलेले नॉर्मलचे आकडे ताडून बघितले आणि म्हणाला, "सगळं नॉर्मल हाय गं. चल, गाडी जाईल. डॉक्टरला अणदुरातच दाखवू." मी आत होतो. मला यातलं काही दिसलं नाही, सुमननं नंतर सांगितलं.

ती दोघं गेली, मी बाहेर आलो आणि बाई बोलता बोलता थांबल्या. सर बोलतच होते. बाईंनी हात वर केला. "थांबा. सुमन, मशीन अडकलेलं होतं ना मगाशी? डिस्क नुसती करकर करत होती."

"होय बाई. रोजच अडकतं."

"आन तुझी बोटं चालू होती. मी ऐकलंय. अडकल्यावर बी तू टाईप करत होतीस."

सुमन गोंधळली. "मी चिठ्ठीवर बघून टाकत होते, बाई. स्क्रीनकडं बघत न्हाय मी."

बाईंचा चेहरा एकदम पडला. इतक्या वर्षांत मी तो चेहरा तसा पाहिला नव्हता. टाईपरायटरवर बोट पडलं की अक्षर उमटतंच, म्हणून कागदावरून नजर न उचलणारा तो खरा टायपिस्ट. कॉम्प्युटर अडकला की मात्र बोटं काय बोलली ते तो गिळून टाकतो. मधले आकडे गेले कुठं? "दाखव तो रिपोर्ट," बाई म्हणाल्या. आणि कॉम्प्युटर पुन्हा अडकला. तो गोल फिरत राहिला, आम्ही चौघं त्याच्याकडं बघत उभे. मी टेबलावर हात आपटला, सर मला ओरडले, गोल आपला फिरतोच आहे. शेवटी रिपोर्ट उघडला. नाव पोरीचं, वय पोरीचं, साखर तिची. हिमोग्लोबिन चौदा. सकाळी येऊन गेलेल्या एका धडधाकट म्हाताऱ्याचं, ज्याच्या रिपोर्टवर हिचा टाकला होता.

सरांनी लगेच फोन लावला, पण रिपोर्टवरचा नंबरही म्हाताऱ्याचाच राहिला होता. तो म्हणाला, "माझा तर नेला की म्या सकाळीच. आता काय नवीन निघालं का?" सरांनी फोन ठेवला. कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "अणदूरला डॉक्टर बघतीलच की. पुन्हा तपासतील."

"चौदा बघून कोण तपासतंय?" बाई म्हणाल्या. "बाळंतपणात रक्त गेलं म्हंजे तुम्ही येणार का तिथं सही करायला?" मला म्हणाल्या, "तू रक्त बघितलंयस. बस मागं."

बाईंच्या स्कूटरवर मागं बसणं हे एरवी मी जिवावरचं संकट समजायचो. त्या दिवशी मला ती स्कूटर हळू वाटली. ट्रकांच्या मधून, उसाच्या ट्रॅक्टरांना डावीकडं टाकून बाई निघाल्या. प्रत्येक लाल बसच्या बाजूनं जाताना मी पाटी वाचायचो, ती दुसरीच निघायची. मला भीती वाटत होती, आणि रागही येत होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. जळकोट गाव मागं पडल्यावर बाई वाऱ्यातच ओरडल्या, "मी शिकवलंय तिला ते! नजर उचलायची न्हाय, असं पट्टी मारून शिकवलंय!" मी काहीतरी बोललो, ते त्यांना ऐकू गेलं नाही, आणि गेलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

नळदुर्गच्या स्टँडवर सोलापूर गाडी उभी होती. ड्रायव्हर चहा पिऊन चढतच होता. बाई गाडीत घुसल्या आणि पोरीचं नाव घेऊन हाका मारायला लागल्या. मागच्या बाजूला खिडकीशी ती बसली होती, तोंड पांढरंफटक. भाऊ उठून उभा राहिला.

"काय झालं?"

"उतरा खाली. रिपोर्ट चुकलाय. हिच्या अंगात रक्त न्हाय. दवाखान्यात न्यायला पायजे, आत्ता."

भावाचा विश्वास बसेना, आणि त्याचं तरी काय चुकलं? घामाघूम झालेली एक अनोळखी बाई आणि लॅबचा एक नोकर गाडीत चढून असलं काही सांगतायत. त्यानं रिपोर्ट उलगडला. "ह्याच्यावर तुमच्या लॅबचा शिक्का हाय. सही हाय. आन आता तुमीच म्हनता खोटं हाय?"

"खोटं हाय," बाई म्हणाल्या. "शिक्का आमचा, सही आमची, आन चूक बी आमचीच हाय." लॅबनं त्यांना कधी एक काम दिलं नव्हतं, तरी त्या आमची म्हणाल्या. मी पुढं झालो आणि सांगितलं, रक्त मी तपासलंय, दोनदा तपासलंय. भाऊ माझ्याकडं बघेना. कंडक्टर घंटी वाजवत होता, मागचे लोक "चला ओ, खोळंबा नका करू" म्हणून ओरडत होते. भाऊ म्हणाला, "आमी अणदूरला जाऊन बघतो काय बघायचं ते. बस गं तू."

तेव्हा ती पोरगी बोलली. खालीच बघून म्हणाली, "दादा, मला लई धाप लागायलीय. सकाळी जिना चढताना डोळ्यापुढं अंधारी आलती."

"मग मगाशी का न्हाय बोललीस?"

"तू म्हनलास, रिपोर्ट चांगला हाय. मग म्या काय बोलू? मला वाटलं माझंच मन भितंय."

भावाचं तोंड उतरलं. त्यानं वरची पिशवी ओढली, बहिणीच्या दंडाला धरलं आणि तिला जपून एकेक पायरी खाली उतरवलं. गाडी निघून गेली. स्कूटर चहावाल्याच्या हवाली करून आम्ही जीप ठरवली आणि थेट सोलापूर गाठलं.

दवाखान्यात सगळं पटापट झालं. पुन्हा रक्त काढलं, माझाच आकडा आला, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला दोन शब्द सुनावले आणि मी ते मान खाली घालून ऐकले. तिच्या गटाचं रक्त मिळालं. संध्याकाळी पोरीच्या हाताला पिशवी लागली. बाळाचे ठोके चांगले आहेत असं सांगितलं गेलं, तेव्हा भाऊ व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मग तो परत आला आणि नळीतून पडणारे थेंब बघायला लागला. एक थेंब पडायचा, मग बराच वेळ दुसरा पडायचा नाही. त्याला राहवेना. "बाई, लई हळू पडायलंय ओ हे. जरा मोकळं सोडायला सांगा की त्यास्नी."

मी बाईंकडं बघितलं. मला वाटलं, आता ह्या उठतील, नर्सला फैलावर घेतील, नळीचं चाक स्वतःच फिरवतील. बाई स्टुलावर बसल्या होत्या, पोरीच्या उशाशी.

"न्हाय बाळा," त्या म्हणाल्या. "विचारलंय म्या. जोरात सोडलं तर हिच्या काळजाला झेपायचं न्हाय. ह्याला येळ लागतोय, तेवढा लागू दे."

मी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर पडलो, आणि परत आलो तेव्हा भाऊ जमिनीवरच बसल्या बसल्या झोपला होता. पोरगीही झोपली होती. तिचे ओठ अजून पांढरेच होते. आणि बाई, एक हात तिच्या हातावर ठेवून, पुढच्या थेंबाची वाट बघत बसल्या होत्या.